नाना फडणीस : युद्धकाळातील बातमी आणि कारभार

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला नाना फडणीस हे नाव फारसे जवळचे वाटत नाही. आपल्या घराघरांतून लहानपणापासून ऐकू येते ते पाटीलबावांचे, म्हणजे महादजी शिंद्यांचे नाव. नानांचा उल्लेख झालाच तर पाटीलबावांच्या वाटेत आडवे येणारे पुण्याचे कारभारी एवढाच. प्रस्तुत लेखकाचीही समजूत बरीच वर्षे अशीच होती. आपल्या ग्रंथालयातील ऐतिहासिक पत्रव्यवहाराचे खंड सावकाश वाचू लागल्यावर मात्र तिच्यात फरक पडत गेला. त्या पत्रांतून दिसणारे नाना हे केवळ मसलती माणूस नाहीत. शेकडो कोसांवर पसरलेल्या फौजा, परस्परांवर विश्वास नसलेले सरदार, दरबारोदरबारी बसलेले वकील आणि पुण्यातील सरकारी दफ्तर यांना बातमीच्या एका धाग्यात बांधून ठेवणारा तो एक विलक्षण कारभारी होता. ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या निमित्ताने त्या दृष्टीने त्यांचे चरित्र वाचकांसमोर ठेवावे, असा या लेखाचा उद्देश आहे.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणे कोकणातील वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे स्नेही. पेशव्यांबरोबर ते दिल्लीस गेले आणि 1719 मध्ये तेथील दंग्यात कामास आले. तेव्हापासून पेशव्यांची फडणिशी या घराण्याकडे चालत आली. नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 रोजी साताऱ्यास झाला. 1756 मध्ये वडील जनार्दनपंत वारले आणि चौदा वर्षांच्या या मुलाच्या अंगावर फडणिशीची वस्त्रे पडली. फडणीस म्हणजे फडाचा मुख्य. जमाखर्च, सनदा, सरंजामांचे हिशेब, फौजांच्या नेमणुका, सारे कागद त्याच्या नजरेखालून जावयाचे. राज्याचा पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि कोणता सरदार किती घोडा ठेवून किती दाखवितो, हे फडणिसाइतके कोणालाच ठाऊक नसे. पुढे युद्धकाळात नानांना जे साधले, त्याची मुळे या हिशेबी शिक्षणात आहेत.

दुसरे शिक्षण पानिपताने दिले. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंच्या स्वारीबरोबर नाना आई व पत्नीसह उत्तरेत गेले. त्यांचा हेतू तीर्थयात्रेचा होता. पण त्या वर्षाच्या अखेरीस ते पानिपतच्या छावणीत अडकले. अब्दालीने दक्षिणेकडची वाट रोखल्यावर या छावणीत धान्य येईना, पैसा येईना आणि पत्रही येईना. नानासाहेब पेशवे मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते, तरी त्यांना भाऊंची आणि भाऊंना त्यांची नेमकी हालहवाल कळत नव्हती. 14 जानेवारी 1761 रोजी सर्वनाश झाला. त्याची बातमी भेलशाच्या मुक्कामी असलेल्या पेशव्यांना मिळाली ती सरकारी डाकेने नाही. मोत्यांची आणि मोहरांची सांकेतिक भाषा वापरलेल्या एका सावकारी पत्रावरून ती त्यांना कळली. एवढ्या मोठ्या राज्याला आपल्या सर्वांत मोठ्या फौजेचा अंत एका व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरून समजावा, यातच सारे आले.

नाना त्या रणातून कसेबसे जीव वाचवून निसटले. पत्नी पुढे सुखरूप परत आली; आई मात्र कायमची अंतरली. हा सारा प्रसंग त्यांनी आपल्या लहानशा आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. आपल्या भित्रेपणाची आणि दुबळेपणाची कबुली त्यात अत्यंत निखळपणे दिलेली आहे. आपण तलवारीचे माणूस नाही, हे एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ओळखले. बातमी तुटलेल्या छावणीत राहण्याचा अर्थ काय, हेही त्यांनी त्याच वयात अनुभवले. पुढे आयुष्यभर पत्र वेळेवर आले नाही की त्यांची जी तगमग होई, तिचा उगम आम्हांस पानिपतात दिसतो.

थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत नाना बहुधा पुण्यास राहून स्वारीवरील फौजेला पैसा, दारूगोळा व रसद पुरविण्याचे काम करीत. 1772 मध्ये माधवराव गेले आणि 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथरावांना गादीवरून दूर ठेवण्यासाठी सखारामबापू, नाना, हरिपंत फडके आदी मंडळी एकत्र आली, हेच बारभाई. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. 6 मार्च 1775 रोजी त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि मराठ्यांचे इंग्रजांशी पहिले युद्ध सुरू झाले.

या युद्धात नानांपुढची अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. धनी पाळण्यात. सेनापती असा एक नाही. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके, पटवर्धन, नागपूरकर भोसले ही ज्याची त्याची स्वतंत्र संस्थाने आणि स्वतंत्र हिशेब. कारभारातही एकमत नाही. सखारामबापू दोन्हीकडे पाय ठेवून, तर चुलतभाऊ मोरोबा फडणीस उघड रघुनाथरावांच्या पक्षाचे. अशा वेळी हुकूम सोडून काम भागण्यासारखे नव्हते. हुकूम ऐकणारे कोणी नव्हते. सगळ्यांना एकाच दिशेने चालवावयाचे, तर प्रत्येकाला एकाच वेळी एकच खरी बातमी पोहोचविणे आणि त्यातून त्याला त्याचे हित दिसेल असे करणे, एवढा एकच मार्ग होता. नानांनी तो धरला.

त्यांच्याकडे बातमी तीन वाटांनी येई. पहिली वाट वकिलांची. हैदराबादेस निजामाच्या दरबारी काळे, दिल्लीस हिंगणे, तर कलकत्त्यास लाला सेवकराम असे वकील असत. हैदराच्या दरबारीही पुण्याची माणसे असत. दरबारात कोण आले, कोण गेले, कोणाला वस्त्रे मिळाली, खजिन्याची स्थिती काय, फौजेचा पगार किती महिन्यांचा थकला, असा सारा तपशील ते लिहीत. दुसरी वाट जासूद, हरकारे आणि सावकारी पेढ्यांची. हुंडीच्या व्यवहारामुळे सावकारांची माणसे सर्वत्र फिरत आणि कोठे पैसा गोळा होत आहे याचा वास त्यांना आधी लागे. तिसरी वाट खुद्द सरदारांच्या पत्रांची. सरदारांचेही कारकून पुण्यास असत आणि ते धन्याला दरबारची खडान्‌खडा खबर कळवीत. पटवर्धनांच्या दफ्तरातील अशाच पत्रांवर वासुदेवशास्त्री खरे यांनी आपला ऐतिहासिक लेखसंग्रह उभारला. म्हणजे बातमी पुण्याकडे जशी येई, तशी ती पुण्याहून बाहेरही जाई.

पण बातमी गोळा करणे हे अर्धे काम. नानांचे खरे कसब पुढच्या अर्ध्यात आहे. आलेले पत्र ते दुसऱ्या वाटेने आलेल्या पत्राशी ताडून पाहत. मग ज्याला त्यातला जो भाग उपयोगाचा, त्याला तेवढ्याची नक्कल रवाना होई. दक्षिणेतील वकिलाचे पत्र उत्तरेतील सरदाराला आणि कलकत्त्याची खबर हरिपंतांना. अतिनाजूक मजकूर कागदावर न उतरविता विश्वासू माणसाबरोबर तोंडी सांगून पाठविला जाई. फडणिशीच्या जमाखर्चात जशी प्रत्येक रकमेला दोन बाजू असतात, तशी त्यांनी प्रत्येक बातमीला दुसरी बाजू शोधली, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

या व्यवस्थेची कसोटी 1778 च्या अखेरीस लागली. त्याच वर्षी मोरोबांनी कारभार बळकावला होता आणि नानांना पुरंदरावर जावे लागले होते; परंतु महादजींच्या पाठबळाने जुलैत मोरोबा कैद झाले. मुंबईकर इंग्रजांनी मात्र पुण्यातील पालटलेल्या परिस्थितीचा पुरता अंदाज न घेता, रघुनाथराव दिसताच सरदार त्यांना येऊन मिळतील या भरवशावर सुमारे चार हजारांची फौज नोव्हेंबरात पनवेलीस उतरविली. या फौजेचे नेतृत्व एका सेनापतीकडे नसून एका समितीकडे होते. कर्नल एगर्टन, जॉन कारनॅक आणि पुण्यात पूर्वी वकील म्हणून राहिलेला मॉस्टिन असे तिचे तीन सभासद. त्यांपैकी पुणे जाणणारा मॉस्टिनच आजारी पडून 1 जानेवारी 1779 रोजी वारला. उरलेल्या दोघांचे पटत नव्हते. सोबत एकोणीस हजार बैलांचे लटांबर.

इकडे पुण्यात इंग्रजांच्या प्रत्येक मुक्कामाची खबर होती. महादजी, तुकोजी आणि हरिपंत यांच्या फौजा वेळेवर एकत्र आल्या. घाट चढू द्यावयाचा, पुढे चारा-दाणा मिळू द्यावयाचा नाही, मागची वाट तोडावयाची आणि मोठी लढाई टाळावयाची, असा बेत ठरला. होळकरांच्या मनाविषयी शंका होती, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवण्याचीही तजवीज झाली. वाटेवरची गावे ओस पडली. गवत जाळले गेले. प्रसंग पडल्यास खुद्द पुणे जाळण्याचीही तयारी ठेवली होती. घाट चढून आल्यावर इंग्रजांची चाल दिवसाला मैलभरही होईना. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मावळात त्याची आठवण इष्टुर फाकडा म्हणून राहिली. 9 जानेवारीस इंग्रज तळेगावास पोहोचले तेव्हा ते गाव जळत होते आणि एकही सरदार रघुनाथरावांकडे आला नव्हता. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून ते गुपचूप मागे फिरले. पण मराठ्यांना माघारीची चाहूल त्याच रात्री लागली आणि पहाटेपूर्वीच हल्ला सुरू झाला. वडगावास इंग्रज कोंडले गेले. 16 जानेवारी 1779 रोजी त्यांनी 1773 नंतर घेतलेला मुलूख परत करण्याचा आणि रघुनाथरावांना सोडून देण्याचा करार लिहून दिला.

वडगावचे श्रेय महादजींचे की नानांचे, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. आपल्या गावी तर या वादाचा निकाल आधीच लागलेला असतो! परंतु कागद पाहता हा वादच निरर्थक वाटतो. रणावरची युक्ती व धीर महादजींचा. त्यांच्या पाठीमागचा पैसा, रसद, खबर आणि दरबारातील बंदोबस्त नानांचा. त्या दोन महिन्यांत फड आणि छावणी यांच्यात अंतर उरले नव्हते. मराठ्यांच्या इतिहासात असे दिवस थोडे.

याच विजयातून काही कडू सत्येही बाहेर पडली. सखारामबापूंचे रघुनाथरावांशी असलेले संधान कागदोपत्री उघड झाले आणि पुण्याच्या कारभारातील सर्वांत वृद्ध पुरुष कैदेत गेला. म्हणजे ज्या घरातून खबर बाहेर जात होती ते घर आपलेच होते. दुसरे, महादजींच्या ताब्यातील रघुनाथरावांना झांशीकडे नेत असता ते नर्मदेच्या आसपास निसटले आणि सुरतेस इंग्रजांकडे गेले. येथून नानांच्या मनात महादजींविषयी किंतु शिरला.

बातमी वेळेवर मिळूनही काम फसते, हेही या युद्धात दिसले. वॉरन हेस्टिंग्जने बंगालहून खुष्कीच्या मार्गाने पाठविलेली फौज बुंदेलखंड व भोपाळवरून बऱ्हाणपुरास आल्याचे पुण्यास ठाऊक होते. तिला अडविण्यासाठी मोठे घोडदळही निघाले. परंतु वडगावची वार्ता कळताच कर्नल गॉडर्डने नेहमीची वाट सोडून वेगाने कूच केले आणि फेब्रुवारी 1779 अखेर सुरत गाठली. खबर घेऊन जाणारा जासूद आणि ती ऐकून कूच करणारी फौज यांच्या वेगातले अंतर कोणत्याही कारभाऱ्याला पुसता आले नाही.

वडगावचा करार इंग्रजांनी अमान्य केल्यावर नानांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी मसलत उभी केली. हैदरअलीने मद्रासेवर, निजामाने पूर्व किनाऱ्यावरील इंग्रजी मुलखावर, नागपूरकर भोसल्यांनी बंगालवर आणि शिंदे-होळकरांनी गुजरातेत एकाच वेळी चाल करावी, असा हा चौघांचा बेत होता. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही इंग्रजांची तीन सरकारे आपसांत कुरबुरतात, हे नानांनी सुरतेच्या तहाच्या वेळीच हेरले होते. मुंबईने केलेला तो तह कलकत्त्याने नामंजूर केला होता आणि कर्नल अप्टनला पाठवून 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह करविला होता. या फटीत पाचर ठोकावयाची, असा हा डाव. हैदराने जुलै 1780 मध्ये आपला शब्द पाळला व मद्रासकरांना हादरवून सोडले. निजाम मात्र स्वस्थ बसला. भोसल्यांची फौज ओरिसापर्यंत गेली आणि हेस्टिंग्जच्या पैशाने तेथेच थंडावली. पुण्याहून पत्रांवर पत्रे जात होती. पण ज्याला चालावयाचेच नाही, त्याला पत्र चालवू शकत नाही.

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याची कथा याच वर्षाची. 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री कॅप्टन पॉफमच्या माणसांनी शिड्या लावून हा अजिंक्य समजला जाणारा किल्ला घेतला. पायरव होऊ नये म्हणून शिपायांनी कापूस घातलेले जोडे वापरले होते आणि चढण्याची जागा गोहदच्या राण्याकडील माहितगारांनी दाखविली होती. शेकडो कोसांवरील कलकत्त्याची खबर पुण्यास पोहोचत होती. पण कड्याखाली जमलेल्या शत्रूची खबर वरच्या पहाऱ्याला नव्हती. स्थानिक माणूस ज्याच्या बाजूला, खरी बातमी त्याच्या हाती. किल्ल्याकडे पाहताना हा धडा आपण ग्वाल्हेरकरांनी विसरू नये.

डिसेंबर 1780 मध्ये गॉडर्डने वसई घेतली आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी तो बोरघाट चढून पुण्याला धमकावू लागला. नाना डगमगले नाहीत. त्यांनी तह करण्याचे नाकारले, हरिपंत व होळकरांना घाटमाथ्यावर ठेवले आणि परशुरामभाऊ पटवर्धनांना खाली कोकणात उतरवून पनवेलीहून येणारी रसद तोडविली. एप्रिल 1781 मध्ये गॉडर्ड चारशेहून अधिक माणसे जायबंदी वा ठार होऊन मागे फिरला. वडगावचाच डाव पुन्हा एकदा साधला होता.

उत्तरेत मात्र महादजींना इंग्रजांनी बेजार केले. ऑक्टोबर 1781 मध्ये त्यांनी स्वतंत्र समेट केला आणि 17 मे 1782 रोजी आपल्या ग्वाल्हेरजवळील सालबाई येथे त्यांच्या मध्यस्थीने तह झाला. नानांनी त्यावर पेशव्यांची मान्यता देण्यास मुद्दाम विलंब लावला, कारण हैदर अजून लढत होता. 7 डिसेंबर 1782 रोजी हैदर वारल्यानंतर तो डाव संपला. सात वर्षांच्या युद्धानंतर साष्टी सोडली तर मराठ्यांनी फारसे काही गमावले नव्हते आणि रघुनाथरावांचा प्रश्न कायमचा मिटला होता.

यानंतरच्या नानांविषयी लिहिताना लेखणी थोडी जड होते. जी यंत्रणा शत्रूसाठी उभारली ती हळूहळू घरच्या माणसांवर रोखली गेली. महादजींनी दिल्लीत बादशाहीची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांच्या छावणीतील पुण्याचे वकील त्यांच्याच हालचाली नानांना लिहीत होते. पैशाची निकड असताना मदत उशिरा आली आणि आली ती तुकोजी होळकर व अलीबहादूर यांच्या रूपाने, म्हणजे एका हाताने आधार आणि दुसऱ्या हाताने वेसण. महादजींना ते उमगत होते. 1792 मध्ये ते पुण्यास आले. हिशेबांचे वाद झाले, थोडा समेटही झाला आणि 12 फेब्रुवारी 1794 रोजी वानवडीस त्यांचा अंत झाला. यात नानांचा दोष नाही असे म्हणवत नाही. वडगावास ज्या विश्वासावर सारे तोलले होते, तो दोघांनीही जपला नाही. परंतु कारभारी या नात्याने जपण्याची जबाबदारी नानांवर अधिक होती.

11 मार्च 1795 रोजी खर्ड्यास निजामाविरुद्ध सारे मराठे सरदार शेवटचे एकत्र आले. ते एकत्र आणणे नानांचेच काम. पण त्याच वर्षी, शिवनेरीवर कैदेत असलेल्या बाजीरावांशी तरुण सवाई माधवरावांचा चाललेला गुप्त पत्रव्यवहार नानांनी पकडला आणि पेशव्यांवरील पहारे अधिक कडक केले. 25 ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडले आणि दोन दिवसांनी वारले. ज्या बालकाच्या गादीसाठी वीस वर्षे सारी बातमी वेचली, त्याच्या मनात काय चालले आहे ही एक बातमी नानांना कळली नाही. किंवा कळली ती फक्त कागदापुरती. यापुढे सारे ओघळतच गेले. दुसरे बाजीराव गादीवर आले. 31 डिसेंबर 1797 रोजी नाना दग्याने पकडले गेले आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात टाकण्यात आले. पुढच्या वर्षी सुटका झाली, कारभारही हाती आला. पण ती केवळ छाया होती. 13 मार्च 1800 रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यानंतर तीन वर्षांत काय झाले ते सर्वश्रुत आहे. 1802 च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह झाला. 1803 मध्ये शिंदे आणि भोसले लढले, होळकर बाजूला राहिले. ते लढावयास उठले तेव्हा शिंद्यांचा पराभव होऊन गेला होता. सरदारांजवळ फौजा होत्या, तोफा होत्या, शौर्यही होते. एकाची खबर दुसऱ्याला वेळेवर देऊन दोघांना एका दिवशी घोड्यावर बसविणारा माणूस उरला नव्हता. नानांचे सर्वांत मोठे अपयश येथे आहे. त्यांनी सारे धागे आपल्याच बोटांना गुंडाळून ठेवले. तसे दुसरे हात तयार केले नाहीत. दुसऱ्या बाजीरावांच्या अमदानीत हुजूर दफ्तराची शिस्तही बिघडत गेली.

उरले ते कागद. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीस नानांचा वाडा आहे. तेथे सांभाळून ठेवलेले त्यांचे दफ्तर पारसनिसांच्या हाती आले आणि त्यातील पुष्कळसे प्रसिद्ध झाले. खरे, राजवाडे, सरदेसाई यांच्यासारख्यांनी असे कागद मिळविले, वाचले, छापले. म्हणून आज ग्वाल्हेरात बसून आपण वडगावच्या मुक्कामाची हकीकत वाचू शकतो. योग्य कागद योग्य माणसाच्या हाती पडला पाहिजे, एवढेच नानांच्या कारभाराचे सूत्र होते. ग्रंथालयाचे सूत्र याहून वेगळे नाही. फरक इतकाच की, येथील कपाटाच्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला नसतात. एक पिढी त्या दुसरीच्या हाती देते, म्हणून संस्था शंभर वर्षे टिकते. नानांच्या यशाबरोबर त्यांचे हे अपयशही ध्यानी ठेवून आपण पुढील शतकात पाऊल टाकावे, ही प्रार्थना.